खान, मलिक, जंग, जाह : जुन्या लेखांतील पदव्या कशा वाचाव्यात

खुलताबादच्या परिसरात मलिक अंबर आणि पहिला आसफजाह या दोघांच्याही कबरी आहेत, आणि दोघांपैकी एकालाही लोक जन्मनावाने ओळखत नाहीत. अंबरचे मूळ नाव चापू होते, आसफजाहाचे मीर कमरुद्दीन. मराठवाड्यातील किल्ल्यांच्या दरवाजांवरील लेख, दर्ग्यांच्या सनदा, इनामपत्रे आणि जुन्या घराण्यांनी जपलेले मोडी कागद वाचायला घेतले की हीच अडचण पहिल्या ओळीपासून उभी राहते: नावांच्या त्या लांबलचक माळेत माणूस कोणता, मान कोणता आणि नोकरी कोणती, याचा उलगडा होत नाही. ज्या वाचकाला फारसी येत नाही, पण ज्याच्यासमोर लेखाचे देवनागरी लिप्यंतर किंवा भाषांतर आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पदवी दिसली की लगेच शब्दकोश उघडू नये. ती कोणी दिली, कोणत्या साली दिली आणि त्या दरबारात तिच्या वर-खाली काय होते, हे आधी पाहावे.

ओळीचे चार तुकडे पाडावेत

समोरच्या ओळीतून नाव, किताब, मनसब आणि हुद्दा या चार गोष्टी वेगळ्या काढून कागदावर लिहाव्यात. नाव जन्माचे असते. किताब हा राजाने दिलेला मान असतो आणि तो बदलत, वाढत जातो. मनसब हा आकड्यांत सांगितलेला दर्जा असतो. हुद्दा म्हणजे प्रत्यक्ष काम, म्हणजे सुभेदारी, किल्लेदारी, बख्शीगिरी, वजिरी वगैरे. चारही गोष्टी प्रत्येक लेखात असतीलच असे नाही. पुष्कळदा नावच गाळलेले असते आणि उरतो तो केवळ किताब.

मीर कमरुद्दीनचेच उदाहरण घ्यावे. औरंगजेबाने त्याला चिनकिलिचखान हा किताब दिला. पुढे 1713 मध्ये फर्रुखसियरने निजामुल्मुल्क बहादूर फतेहजंग असा मान दिला आणि 1725 मध्ये मुहम्मदशाहाने आसफजाह ही पदवी बहाल केली. दख्खनची सुभेदारी आणि दिल्लीची वजिरी हे त्याचे हुद्दे होत. ही क्रमवारी माहीत असेल तर बिनतारखेचा कागदही बोलू लागतो: ज्यात आसफजाह हा शब्द आहे तो कागद 1725 च्या आधी लिहिला गेलेला नसतो. उलट दिशेने मात्र जपून चालावे, कारण नंतरच्या काळातील लेखक आधीच्या घटना सांगतानाही मोठी पदवीच वापरतात, आणि त्यामुळे तरुणपणच्या लढाईतही तो ‘आसफजाह’ म्हणून वावरताना दिसतो.

याच ठिकाणी मराठवाड्यात नेहमी होणारी एक गल्लत दूर करून घ्यावी. गावात एखाद्या वास्तूला ‘निजामाच्या काळातली’ म्हटले जाते तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात हैदराबादचा निजाम असतो, आणि ती वास्तू प्रत्यक्षात अहमदनगरच्या निजामशाहीतली, म्हणजे कित्येकदा दोनशे वर्षे जुनी असते. दोन्ही घराण्यांचा एकमेकांशी रक्ताचा काहीही संबंध नाही. दोघांनी ज्या किताबावरून नाव घेतले तो निजामुल्मुल्क हा किताब मात्र एकच आहे, आणि त्याची कीर्ती त्याहून जुनी, अकराव्या शतकातील सेल्जुक सुलतानांच्या विख्यात वजिरापासून चालत आलेली आहे. बहमनी दरबारात तो मलिक हसन बहरी याला मिळाला. इतिहासकार फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे तो मूळचा ब्राह्मण कुळातला आणि त्याच्या पूर्वजांचे वतन पाथरीकडचे. त्याचा मुलगा मलिक अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला आणि बापाचा किताब राजघराण्याचे नाव बनला. पाथरीवरून पुढे निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात जो तंटा पेटला, त्याच्या मुळाशी हे जुने वतन होते.

बहमनी राज्य फुटून जी पाच राज्ये झाली त्यांपैकी इतरांचेही असेच आहे. आदिलशाहीमागे आदिलखान, कुतुबशाहीमागे कुतुबुल्मुल्क आणि इमादशाहीमागे इमादुल्मुल्क हे किताब आहेत. म्हणून पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दख्खनी लेखात यांपैकी एखादा शब्द दिसला तर तो राजा आहे की अजून बहमनी सुलतानाचा सरदारच आहे, हे सालावरून ठरवावे.

दहा, शंभर, हजार

तुर्क आणि मंगोल सैन्यात दर्जा दशमान पद्धतीने मोजला जाई. चंगीजखानाने 1206 च्या कुरुलताईत म्हणजे सरदारसभेत आपले सैन्य दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांच्या तुकड्यांत बांधले आणि 95 हजारी सरदार नेमले. दहा हजारांच्या तुकडीला तुमेन म्हणत आणि मोठ्या सेनानायकांना नोयान. उस्मानी तुर्कांकडे हीच रीत ओनबाशी, यूझबाशी आणि बिनबाशी, म्हणजे दहांचा, शंभरांचा व हजारांचा नायक, या नावांनी टिकली. तरीही केवळ आकड्यावरून मान ठरवू नये, हे मंगोलांकडूनच शिकावे: खानाच्या खास पहाऱ्यातील दहा हजारांच्या केशिग दलातला साधा शिपाईसुद्धा बाहेरच्या हजारी सरदारापेक्षा वरचा समजावा, अशी चंगीजखानाची आज्ञा होती. राजाच्या जवळ असणे हा आकड्यांत न मावणारा दर्जा सर्वच दरबारांत होता.

दिल्लीच्या सुलतानांकडे हीच शिडी आली. चौदाव्या शतकातील इतिहासकार बरनीने ती अशी दिली आहे: दहा स्वारांवर एक सरखेल, दहा सरखेलांवर एक सिपहसालार, दहा सिपहसालारांवर एक अमीर, दहा अमिरांवर एक मलिक आणि दहा मलिकांवर एक खान. हिशेब केला तर खानाच्या हाताखाली एक लाख स्वार येतात. अरब लेखक उमरी मात्र तुघलकांच्या काळाबद्दल लिहिताना खानाला दहा हजार, मलिकाला एक हजार, अमिराला शंभर आणि सिपहसालाराला त्याहून कमी असे आकडे देतो. बरनीचे आकडे एका सुलतानाने मुलाला केलेल्या उपदेशात येतात, त्यामुळे ते आदर्शाचे वाटतात. व्यवहारासाठी उमरीचे आकडे अधिक पटतात. पण दोघांच्या शिडीतील क्रम एकच आहे, आणि लेख वाचणाऱ्याला आकड्यापेक्षा त्या क्रमाचाच उपयोग होतो.

शंभरांच्या अमिराला अमीर-इ-सदा म्हणत, आणि या दर्जाने मराठवाड्याचा इतिहासच फिरवला. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये देवगिरीला दौलताबाद करून राजधानीचा मान दिला, तेव्हापासून तेथे असे सदा अमीर मोठ्या संख्येने होते. स्वारांबरोबर आसपासच्या गावांच्या महसुलावरही त्यांचा हात असे. इतरत्र अशा अमिरांची कत्तल झाल्याच्या बातम्या येत असतानाच दौलताबादच्या अमिरांना भडोचला हजर होण्याचा हुकूम आला, तेव्हा ते वाटेतूनच माघारी फिरले, त्यांनी दौलताबादचा किल्ला ताब्यात घेतला आणि आपल्यातल्याच इस्माईल मुखला सुलतान केले. नव्या सुलतानाने हसन नावाच्या अमिराला जफरखान हा किताब दिला. सुलतान मुहम्मदाने येऊन बंडखोरांचा पराभव केला, पण गुजरातेत तघीचे बंड उठल्यामुळे त्याला वेढा अर्धवट सोडून जावे लागले. हसनने बिदरकडे शाही फौज मोडली, इस्माईल बाजूला झाला आणि 3 ऑगस्ट 1347 रोजी दौलताबादेत अलाउद्दीन हसन बहमनशाह तख्तावर बसला. एकच माणूस थोड्या काळात शंभरांचा अमीर, मग खान आणि मग सुलतान झाला. त्या वर्षाच्या आसपासचे लेख वाचताना ‘अमीर हसन’, ‘जफरखान’ आणि ‘बहमनशाह’ या तीन वेगळ्या व्यक्ती मानल्या तर सगळी संगती बिघडते.

एकच शब्द, निराळा भाव

खान या शब्दाचा भाव जितका घसरला तितका क्वचितच दुसऱ्या कोणाचा घसरला असेल. मंगोल गवताळ प्रदेशात खान म्हणजे सार्वभौम राजा, आणि त्याच्याही वर खागान. चंगीजखानाच्या वंशाबाहेरच्या कोणी हा शब्द धारण करू नये, हा संकेत इतका पक्का होता की तैमूरसारख्या विजेत्यानेसुद्धा स्वतःला खान म्हणवले नाही. त्याने अमीर हीच पदवी ठेवली, चंगीजवंशीय राजकन्येशी लग्न करून गुरगान म्हणजे जावई हा मान जोडला आणि नावापुरता एक चंगीजवंशीय खान तख्तावर बसवून घेतला. त्याच्या वंशातील राजपुत्र मिर्झा म्हणवत. बाबरही आधी मिर्झाच होता. 1507 मध्ये काबुलात त्याने पादशाह ही पदवी घेतली. राजाच स्वतःला पादशाह म्हणवू लागल्यावर खान हा किताब सरदारांना वाटायला मोकळा झाला. हिंदुस्थानात तो त्याआधी दिल्लीच्या सुलतानांनीही वाटलाच होता, पण फार थोड्यांना. मोगल काळात खान शेकड्यांनी झाले आणि पुढे तो नावाचाच भाग बनला. म्हणून तेराव्या शतकातील मंगोल खान, चौदाव्या शतकातील दिल्लीचा खान आणि अठराव्या शतकातील औरंगाबादचा खान यांना एका पंक्तीला बसवू नये.

चंगीजखान हे नावदेखील असेच फसवते. निजामशाहीच्या ज्या पेशव्याने म्हणजे मुख्य प्रधानाने तरुण अंबरला विकत घेतले त्याला चंगीजखान म्हणत, पण तो मिरक दबीर या नावाच्या मुत्सद्द्याला मिळालेला किताब होता. मंगोल सम्राटाच्या वंशाशी त्याचा संबंध नव्हता. मलिक शब्दाचा प्रवास साधारण याच वाटेने झाला. अरबीत तो राजा, दिल्लीत खानाच्या खालचा सरदार, आणि दख्खनेत तो हबशी सेनानींच्या नावापुढे इतका रुळला की मलिक अंबर हे जणू पूर्ण नावच झाले. बेग हा तुर्की सरदार. त्याचे स्त्रीरूप बेगम, तसेच खानाचे खानम. औरंगाबादच्या मकबऱ्यात दफन झालेल्या दिलरस बानू बेगम हिला रबिया-उद्-दौरानी हा मान मरणोत्तर मिळाला, त्यामुळे 1657 च्या आधीच्या कागदात तो सापडण्याची अपेक्षा ठेवू नये.

मरणोत्तर नावांची एक छोटी यादी जवळ ठेवलीच पाहिजे. बादशाह वारल्यावर त्याचे नाव न घेता स्वर्गवाचक उपाधीने त्याचा उल्लेख होई: अकबर म्हणजे अर्श-आशियानी, जहांगीर म्हणजे जन्नत-मकानी, शाहजहान म्हणजे फिरदौस-आशियानी, औरंगजेब म्हणजे खुल्द-मकान. रौझा हे गाव खुल्दाबाद (आजचे खुलताबाद) झाले ते या शेवटच्या उपाधीवरूनच. एखाद्या सनदेत ‘खुल्द-मकानच्या अमदानीत दिलेले इनाम’ असे शब्द असतील, तर इनाम औरंगजेबाचे आहे आणि सनद 1707 नंतरची आहे, या दोन्ही गोष्टी एकाच शब्दावरून कळतात.

मनसबीचा आकडा

मोगल मनसब जात आणि सवार अशा दोन आकड्यांत सांगतात. ‘पंचहजारी जात, तीन हजार सवार’ असे लिहिले असेल तर पहिला आकडा त्या सरदाराचा वैयक्तिक दर्जा व पगार सांगतो आणि दुसरा त्याने बाळगायच्या घोडदळाची जबाबदारी. सवाराचा आकडा जातीइतका असेल तर तो त्या मनसबीतील पहिल्या वर्गाचा, निम्मा किंवा त्याहून अधिक असेल तर दुसऱ्या वर्गाचा, आणि निम्म्याहून कमी असेल तर तिसऱ्या वर्गाचा. वरच्या उदाहरणातील सरदार त्यामुळे दुसऱ्या वर्गात येतो. त्या तीन हजारांपैकी एक हजार ‘दु-अस्पा सिह-अस्पा’ (दोन-तीन घोडी बाळगणारे) असे नोंदले असतील तर ते दुप्पट धरावेत, म्हणजे जबाबदारी चार हजारांची होते.

हे आकडे रणांगणावरच्या स्वारांची शिरगणती नव्हेत, ही गोष्ट मराठी लेखनात सर्वाधिक विसरली जाते. शाहजहानच्या नियमाप्रमाणे जहागीर आणि नेमणूक एकाच सुभ्यात असेल तर मनसबदाराने सवार आकड्याच्या एक तृतीयांश स्वार हजर करायचे, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश, आणि बल्ख-बदख्शानच्या मोहिमेत तर एक पंचमांशच. तेव्हा ‘तीन हजार सवार’ वाचून तीन हजार घोडी डोळ्यांपुढे आणू नयेत. पुरंदरच्या तहानंतर 1665 मध्ये संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली तेव्हा त्यांचे वय आठ वर्षांचे होते, एवढे ध्यानात ठेवले तरी मनसब म्हणजे सेनापतिपद नव्हे हे पुरेसे स्पष्ट होते. आणि पुढच्याच वर्षी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत उभे केले गेले, त्याचा संतापही याच हिशेबाने कळतो: ज्या रांगेत मुलाचा दर्जा होता तिथेच बापाला उभे केले होते.

शिवकालीन मराठी फौजेतील हजारी हा शब्द मात्र मोगली मनसबीच्या मापाने मोजू नये. तेथे पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरील स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी अशी बांधणी होती. गुणाकार केला तर हजारीकडे 1250 घोडी येतात. ही खरीखुरी पथके होती, कागदी दर्जा नव्हे.

हुद्द्यांबाबत फार लिहिण्याची गरज नाही, एक सावधगिरी पुरे. सुभेदार, हवालदार, जमादार हे शब्द इंग्रजी फौजेतून पुन्हा आपल्याकडे आले तेव्हा ते खालच्या पायरीवर उतरलेले होते. मोगल सुभेदार अख्ख्या प्रांताचा धनी असे आणि मराठी किल्ल्यावरचा हवालदार हा तिथला मुख्य अंमलदार असे.

एकच किताब, अनेक धनी

किताब रिकामा झाला की तो दुसऱ्याला मिळे. खानखानान म्हटले की अब्दुर्रहीम आठवतो, पण त्याच्याआधी बैरामखान खानखानान होता आणि 1633 मध्ये दौलताबाद जिंकणारा महाबतखानही. या महाबतखानाचे मूळ नाव जमानाबेग. सर्वांत गोंधळाचे उदाहरण गाजीउद्दीनखान फिरोजजंग हे आहे: पहिल्या आसफजाहाचा बाप, त्याचा थोरला मुलगा आणि नातू, अशा तिघांनी हा किताब वापरला. बाप 1710 मध्ये वारला, मुलाचा 1752 मध्ये औरंगाबादेतच मृत्यू झाला. अशा जागी सालाशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

साल काढण्यासाठी हिजरी वर्षाला 0.97 ने गुणून 622 मिळवावेत. वर्षभराचा फरक गृहीत धरावा. परांडा किल्ल्यावर पूर्वी असलेल्या आणि 1632 मध्ये विजापूरला नेलेल्या मुलूख-मैदान तोफेवर हिजरी 956 कोरलेले आहे, म्हणजे इ.स. 1549, बुर्हाण निजामशाहाचा काळ. ती ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. यातला रूमी शब्द किताब नसून उस्मानी तुर्की मुलखाची ओळख आहे. त्या मुलखातून आलेल्या तोफखान्याच्या जाणकारांना दख्खनेत आणि गुजरातेत रूमीखान हा किताब मिळत असे. मराठी कागदांतील सुहूर सनात 599 किंवा 600 आणि दख्खनी फसली सनात 590 किंवा 591 मिळवावेत.

हैदराबादी शिडी

1948 पर्यंतच्या मराठवाड्यातील कागद वाचणाऱ्याला हैदराबाद दरबाराची चढती शिडी पाठ असावी. खान बहादूर, मग जंग, मग दौला, मग मुल्क, मग उमरा आणि सर्वांवर जाह. याचा उत्तम नमुना म्हणजे दिवाण मीर तुराबअलीखान. तो सालारजंग, शुजाउद्दौला आणि मुख्तारुल्मुल्क अशा पायऱ्या चढला; त्याच्याच कारकिर्दीत मराठवाड्याची जिल्हाबंदी झाली. तरीही जग त्याला खालच्या पायरीच्या, म्हणजे सालारजंग याच नावाने ओळखते, त्यामुळे प्रसिद्ध नाव हेच सर्वांत मोठे असेल असे मानू नये. हिंदू उमरावांना राजा, राजा बहादूर, महाराजा असे मान मिळत, आणि या शिडीत जंग असलेला गृहस्थ युद्धावर गेलेलाच असतो असे नाही. पुष्कळ जंग मुलकी अधिकारी होते.

दौला, मुल्क या जोडशब्दांची परंपरा मात्र हैदराबादची नव्हे. बगदादच्या अब्बासी खलिफाने दहाव्या शतकात इराणच्या बुवैही घराण्यातील बंधूंना मुइझुद्दौला, इमादुद्दौला असे किताब दिले आणि 999 मध्ये गझनीच्या महमूदाला यमीनुद्दौला केले. तेव्हा अशी पदवी राज्यकर्त्याला मिळे. हजार वर्षांनी ती दप्तरातील मुलकी अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली.

मोडी कागदांत शोधताना शब्दांची रूपे मोकळ्या मनाने तपासावीत. निजामुल्मुल्कचे निजामन्मुलूख होते, खानखानानचे खानखाना, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नाही. पेशवे दप्तरात नुसते ‘नबाब’ किंवा ‘मोगल’ असे येते तेव्हा बहुधा हैदराबादचा निजामच अभिप्रेत असतो, दिल्लीचा बादशाह नव्हे.

फारसी कागदावर शिक्का असेल तर तो मजकुराआधी वाचावा. मोगल सरदाराच्या शिक्क्यात बादशाहाचे नाव, ‘फिदवी’ किंवा ‘बंदा’ असा नम्रतेचा शब्द, सरदाराचा त्या वेळचा किताब आणि हिजरी किंवा जुलूस म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष कोरलेले असते. किताब कोणी दिला हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. मात्र शिक्का एकदा कोरला की वर्षानुवर्षे वापरला जाई, त्यामुळे त्यावरचे साल कागदाचे साल मानू नये. कागद त्या सालाचा किंवा त्यानंतरचा आहे एवढेच टिपून ठेवावे, आणि नेमकी तारीख मजकुराच्या शेवटी शोधावी.